मोहरमच्या सबीलीला, म्हणजे पाणपोईला, हातभार लावायचा आहे, पैसे द्यावेत की पाणी?

जमत असेल तर पाणीच द्या, आणि वाटायला स्वतः उभे राहा.

मोहरम हा इस्लाममधल्या चार पवित्र महिन्यांपैकी एक. इ.स. ६८० मध्ये याच महिन्यात इराकमधल्या करबलाला पैगंबरांचे नातू इमाम हुसेन आणि त्यांच्या माणसांचं फुरात (युफ्रेटिस) नदीचं पाणी तोडलं होतं. तीन दिवस लेकरंबाळं तहानलेली होती. पाणी आणायला गेलेले त्यांचे सावत्र भाऊ हजरत अब्बास पखाल घेऊन परतताना मारले गेले. त्या तहानेची आठवण म्हणून ही सबील. हदीसमध्येही, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या नोंदींतही, आहे: त्यांचे सहकारी साद बिन उबादा यांनी वारलेल्या आईसाठी कोणतं दान उत्तम असं विचारलं, पैगंबर म्हणाले, पाणी. साद यांनी विहीर खणली.

मुंबईत डोंगरी, भेंडी बाजार भागात सबीली लागतात. तिथे कोणी कोणाला जात-धर्म विचारत नाही. हमाल येतो, डोक्यावरचं ओझं एका हाताने सावरत दुसऱ्या हाताने गटागटा पेला रिकामा करतो, पुन्हा पुढे करतो. दुसऱ्यांदा भरून देताना जे वाटतं ते पैसे पाठवून नाही मिळत.

फक्त पाणी स्वच्छ हवं, याबाबतीत अजिबात हयगय नको. जार सीलबंद घ्या, सरबतही त्याच पाण्यात करा. बर्फ खाण्याचाच आणा. निळसर असेल तर तो माल थंड ठेवण्यासाठीचा, परत करा. पेले स्टीलचे ठेवा आणि विसळायला एक माणूस वेगळा नेमा. पिंपात हात घालून पाणी काढू देऊ नका, तोटी लावा.