दुर्बिणीतून युरेनस ओळखायचा कसा?

प्रश्न : माझ्याकडे १०×५० ची द्विनेत्री (बायनॉक्युलर) आहे. युरेनस दिसेल का? शेकडो ठिपक्यांतून तो ओळखू कसा?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नक्की दिसेल, पण एका रात्रीत ओळखू येईलच असं नाही. त्याची प्रत (तेजाचा आकडा; जितका मोठा, तितका ठिपका मंद) साधारण ५.७, म्हणजे नुसत्या डोळ्यांच्या अगदी सीमेवरची. 2025 च्या नोव्हेंबरात, अमावास्येच्या सुमारास मी ठाणे जिल्ह्यातल्या वांगणीला गेलो होतो. कृत्तिका (ताऱ्यांचा छोटा पुंजका) द्विनेत्रीच्या वरच्या कडेला ठेवल्या, की खालच्या बाजूला दोन मंद ताऱ्यांची जोडी दिसायची आणि तिच्याशेजारी तिसरा ठिपका. तिन्ही जवळपास सारखेच! मी वहीत पेन्सिलीने जागा टिपल्या. बारा दिवसांनी पुन्हा पाहिलं, तर जोडी तिथेच होती आणि तिसरा ठिपका जवळजवळ चंद्राच्या रुंदीइतका पश्चिमेला सरकलेला. तोच युरेनस! तुम्हीही चित्र काढाच, मोबाईलच्या नकाशावर विसंबू नका. द्विनेत्री मात्र तिपाईवर किंवा निदान कठड्यावर टेकवा; हात थरथरला की मंद ठिपके हरवतात.

नेपच्यून याहून अवघड, प्रत ७.८. गॅलिलिओने तो १६१२ च्या डिसेंबरात गुरूजवळ टिपला होता, पण तारा समजून. त्याचा शोध लागला थेट १८४६ मध्ये.