पिंग तीनशेवर जातो, म्हणजे ड्रायव्हर बिघडलाय का?

प्रश्न : पाइनफोनवर (लिनक्सवर चालणारा फोन) कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, 6.10 टाकल्यापासून वायफाय आरटीडब्ल्यू88 या रिअलटेक चिपच्या ड्रायव्हरवर चालतं. लॅपटॉपवरून फोनला पिंग केलं (छोटं पॅकेट पाठवून उत्तर यायला लागणारा वेळ मोजला) की कधी 5 मिलिसेकंद, कधी 300. हा दोष कसा कळवू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : थांबा, हा बहुधा दोष नाहीच. आधी उलट्या बाजूने, म्हणजे फोनवरून राउटरला पिंग करून बघा. तिथे आकडे स्थिर असतील, तर हे पॉवर सेव्हचं, म्हणजे वायफाय चिपच्या वीज वाचवण्याचं काम. राउटर साधारण दर 102 मिलिसेकंदांनी बीकन (‘मी इथे आहे’ असा छोटा संदेश) सोडतो आणि मधल्या वेळात चिप झोपते. ती दर तिसऱ्या बीकनलाच जागी होत असेल, तर आलेलं पॅकेट राउटरमध्ये तीनशे मिलिसेकंदांपर्यंत खोळंबतं. फोन स्वतः पाठवतो तेव्हा जागाच असतो.

खात्रीसाठी ‘आयडब्ल्यू’ या वायफायच्या कमांडने पॉवर सेव्ह बंद करा आणि पुन्हा मोजा. जोडणी तुटून परत झाली की नेटवर्कमॅनेजर (जोडण्या सांभाळणारा प्रोग्राम) ते गुपचूप चालू करू शकतो, म्हणून प्रत्येक मोजणीआधी स्थिती तपासा. चाचणी संपली की चालू करा, नाहीतर बॅटरी बसेल.

बंद करूनही पिंगचे आकडे वरखाली उडत असतील, तर मात्र कळवण्यासारखं आहे. ‘पूर्वी चांगलं होतं’ एवढ्याने कोणी काही शोधू शकत नाही, आकडे लागतात. लॅपटॉप राउटरला केबलने जोडा, फोन दोन-तीन मीटरवर ठेवा (राउटरला चिकटवू नका, अति जोरदार सिग्नलनेही रिसीव्हर गडबडतो), ब्लूटूथ बंद करा; ते त्याच चिपवर, त्याच 2.4 गिगाहर्ट्झवर आहे. मग आयपर्फ3 (नेटवर्कचा वेग मोजणारं साधन) साठ-साठ सेकंद, दोन्ही दिशांनी, पाच वेळा चालवा आणि मधला आकडा घ्या. सोबत सिग्नलची ताकद (डीबीएममध्ये), चॅनेल आणि कर्नलचा लॉग द्या. 20 मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर या चिपचा लिंक रेटच जास्तीत जास्त सेकंदाला 72 मेगाबिट असतो, तेव्हा शंभरची अपेक्षा ठेवून तक्रार करू नका.

मागचं कर्नल ठीक होतं याची खात्री असेल, तर गिट बायसेक्ट (कोडमधले बदल अर्धे-अर्धे करत दोषी बदल शोधणं) फक्त आरटीडब्ल्यू88च्या फोल्डरपुरतं चालवा. चौदा-पंधरा बिल्डऐवजी बहुधा सहा-सातच पुरतील. त्यात काहीच सापडलं नाही, तर दोष एसडीआयओच्या (चिप फोनला जोडणारा मार्ग) किंवा वायफायच्या सामायिक कोडमध्ये असू शकतो. मग पूर्ण बायसेक्टला पर्याय नाही.

प्रश्न : माझ्याकडे वायफाय दिसतच नाही. लॉगमध्ये फर्मवेअरपुढे (चिपमध्ये चढवायची प्रणाली) उणे 2 येतं. – एक वाचक, पणजी

उत्तर : उणे 2 म्हणजे फाइल सापडली नाही. चिप 8723सीएस असली तरी ड्रायव्हर 8703बी नावाची फर्मवेअर मागतो, इथेच बरेच जण फसतात. लिनक्स-फर्मवेअर पॅकेज अद्ययावत करून रीबूट करा.