फणसोंबा सहाणेवर, रिशी पातेल्यात

औषधी अळंबीवर आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत. पावसात उगवलेल्या अनोळखी छत्र्या ‘औषधी आहेत का’ असं विचारणारी पत्रं बाजूला ठेवली. त्या सगळ्यांना एकच उत्तर : तोंडात घालू नका.

प्रश्न : परसातल्या फणसाच्या खोडावर फणसोंबा आला आहे. तो उगाळून हिरड्यांना लावला की बाळाची लाळ गळायची थांबते, असं सासूबाई म्हणतात. बाळ सात महिन्यांचं आहे. लावावा का? (लांजा)

सासूबाई सांगतात ती पद्धत कोकणात खरोखरच जुनी आहे. फणसाच्या खोडावरचं हे लाकडासारखं टणक, खालून तांबूस तपकिरी अळंबं सहाणेवर पाण्यात उगाळतात आणि तो लेप तोंड येणं, लाळ गळणं, जुलाब यांवर देतात. पण बाळाला लावू नका. सातव्या महिन्यात लाळ गळणं हा आजारच नव्हे. लाळ भरपूर तयार होते आणि ती गिळण्याची सवय अजून लागलेली नसते, एवढंच. लाळेरं बदलत राहा आणि हनुवटी कोरडी ठेवा.

दुसरं असं, की ‘फणसोंबा’ हे नाव एकच असलं तरी फेलिनस गटातल्या एकाहून अधिक जाती त्याच नावाने ओळखल्या जातात. तुमच्या झाडावरची कोणती, हे नुसतं बघून ठरत नाही. शिवाय उगाळलेला लेप उकळलेला नसतो. झाडावरची धूळ, किडे, जंतू सगळं त्याच्याबरोबर बाळाच्या तोंडात जातं.

जिभेवर किंवा गालाच्या आतून पांढरे डाग असतील आणि ओल्या कापडाने पुसून निघत नसतील, तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो. त्यावर डॉक्टर औषध देतात. लाळ एकाएकी वाढली, सोबत ताप आहे, बाळ दूध गिळत नाही किंवा श्वासाला आवाज येतो, अशा वेळी थेट रुग्णालय गाठा. घरातल्या मोठ्यांसाठीही एक सूचना : तंबाखू किंवा मिश्रीची सवय असलेल्या माणसाच्या तोंडातला व्रण तीन आठवड्यांत भरला नाही, तर लेप लावत बसू नये, तपासून घ्यावा.

आणि जरा त्या फणसाकडेही बघा. हे अळंबं खोडाच्या आतलं लाकूड कुजवतं. बाहेर अळंब्याचा एक कान दिसतो तेव्हा आत बरंच काम झालेलं असतं. खोडावर हातोडीने ठोकून पोकळ आवाज आला आणि झाड घराच्या बाजूला झुकलेलं असेल, तर पावसाळ्याआधी जाणकाराला दाखवा.

प्रश्न : वडील 68 वर्षांचे आहेत. स्टेंट घातल्यापासून रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत, मधुमेहही आहे. ‘हृदयासाठी रामबाण’ म्हणून रिशी मशरूमची पावडर मागवली आहे. दुधातून रोज किती द्यावी? (नाशिक)

देऊ नका. रिशीमुळे रक्तस्रावाची शक्यता वाढू शकते आणि वडिलांच्या गोळ्यांचं कामही रक्त गोठू न देणं हेच आहे. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय डबा उघडू नये. ती गोळी मात्र स्वतःहून बंद करायची नाही. रिशी चालतं म्हणून गोळी सोडणं सगळ्यात घातक. मूत्रपिंड रोपण झालेल्यांनी आणि शस्त्रक्रिया ठरलेल्यांनीही डॉक्टरांना न विचारता रिशी घेऊ नये.

‘रामबाण’ म्हणाल तर, मधुमेहींच्या हृदयविकाराच्या धोक्यासाठी रिशीवर झालेल्या चाचण्यांचा कॉक्रेन या संस्थेने 2015 मध्ये आढावा घेतला. निकषांत बसणाऱ्या चाचण्या निघाल्या पाच, त्यांतले रुग्ण 398. त्यांवरून रिशीची शिफारस करता येत नाही, असाच निष्कर्ष निघाला.

प्रकृती ठणठणीत असलेल्यांसाठी दुधात पावडर या प्रकाराविषयीही बोलायला हवं, कारण मूळ रीत तशी नाही. चीनमध्ये रिशीला लिंगझी म्हणतात आणि ती काढा करून घेतात. हे अळंबं लाकडासारखं असतं. त्याच्या पेशींच्या भिंतीतलं कायटिन आपल्याला धड पचत नाही, म्हणून त्यातलं बीटा-ग्लुकन (औषधी मानली जाणारी शर्करा) पाण्यात उतरवण्यासाठी ते बराच वेळ उकळावं लागतं. चिनी औषधसंहितेत दिवसाला 6 ते 12 ग्रॅम वाळलेले काप सांगितले आहेत. काप तासभर भिजत घालायचे, लिटरभर पाण्यात मंद आचेवर दीड-दोन तास ठेवायचे, पाणी निम्मं झालं की गाळायचं. काढा कडू लागतो. अजिबात कडू नसेल तर मालाबद्दल शंका घ्यावी.

नुसती पावडर घेतल्यावर यकृताला गंभीर इजा झाल्याची प्रकरणं हाँगकाँग आणि थायलंडमध्ये नोंदली गेली आहेत. थायलंडमधली रुग्ण आधी काढाच घेत होती. पावडर सुरू केल्यावर महिन्या-दोन महिन्यांत तिचं यकृत निकामी झालं आणि ती दगावली. पावडरच कारण होती हे अशा एकेका प्रकरणावरून सिद्ध होत नाही, पण डोळे किंवा लघवी पिवळी झाली, भूक गेली, तर घेणं थांबवून यकृताची तपासणी करा.

प्रश्न : पावडर खरी की धान्य मिसळलेली, हे घरी कळतं का? (सोलापूर)

अर्धंच कळतं. काही उत्पादक अळंबीऐवजी धान्यावर वाढवलेलं बुरशीचं जाळं धान्यासकट दळून विकतात. अर्धा चमचा पावडर अर्धा कप पाण्यात पाच मिनिटं उकळा आणि पूर्ण गार होऊ द्या. पाणी गरम असेल तर रंग धरत नाही, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. मग टिंक्चर आयोडीनचे तीन-चार थेंब टाका. गडद निळा-काळा रंग आला तर पिष्ट (स्टार्च), म्हणजे धान्य आहे. रंग आला नाही म्हणून माल शुद्ध, असं मात्र नाही : माल्टोडेक्स्ट्रिन (पिष्टापासून बनवलेली भुकटी) मिसळलेलं असलं तरी निळा रंग येत नाही. तपासलेलं पाणी ओतून द्या. पिशवीवर ‘फळधारी भाग’ (म्हणजे प्रत्यक्ष अळंबं) की ‘मायसेलियम’ (म्हणजे ते बुरशीचं जाळं) आणि बीटा-ग्लुकन किती टक्के, हे लिहिलेलं नसेल तर घेऊ नये. नुसतं ‘पॉलिसॅकराइड (जोडशर्करा) 40 टक्के’ यात पिष्टही मोजलं जातं.

प्रश्न : शाकाहारी आहे, ड जीवनसत्त्व कमी आहे. मशरूम उन्हात ठेवून उपयोग होतो म्हणतात, खरं का? (पुणे)

खरं आहे, आणि या चार पत्रांतला सगळ्यात स्वस्त उपायही हाच. अळंबीतल्या अर्गोस्टेरॉलवर अतिनील किरण पडले की त्याचं ड-2, म्हणजे ड जीवनसत्त्वाचा एक प्रकार, बनतं. साधी बटण मशरूम पिशवीतून काढा, उभे काप करा आणि ताटात एकावर एक न येतील असे पसरा. सकाळी 10 ते दुपारी 2 या वेळात अर्धा ते एक तास थेट उन्हात ठेवा. खिडकीच्या काचेआड ठेवलेल्या ताटाचा उपयोग नाही, काच हवे ते किरण अडवते. ऊन चांगलं असेल तर 100 ग्रॅममध्ये 10 मायक्रोग्रॅमच्या आसपास ड-2 तयार होऊ शकतं. प्रौढांची रोजची गरज 15 मायक्रोग्रॅम धरतात. पावसाळी ढगाळ दिवसांत हा हिशेब कोलमडतो. नंतर थोड्या तेलात परतून त्याच दिवशी खा. कच्चे खाऊ नका.

रक्तातली पातळी फारच खाली असेल तर डॉक्टरांनी दिलेली मात्रा घ्या. पुढची तपासणी करताना प्रयोगशाळेला विचारा, की त्यांच्या पद्धतीत ड-2 आणि ड-3 हे ड जीवनसत्त्वाचे दोन्ही प्रकार मोजले जातात का. काही पद्धतींत ड-2 कमी मोजलं जातं आणि ताटभर मशरूम खाऊनही कागदावर फरक दिसत नाही.