हायब्रिड गाडीचे मायलेज कसे वाढवावे?

प्रश्न : नव्या स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर, दोन्हींवर चालणाऱ्या) गाडीचे कागदोपत्री मायलेज लिटरला 27 किलोमीटरच्या पुढे आहे; मला नाशिक शहरात जेमतेम 19 मिळते. ॲक्सिलरेटर अगदी जपून दाबते, तरी असे का?

उत्तर : कागदावरचा आकडा प्रयोगशाळेत, गाडीची चाके रोलरवर फिरवून आणि एसी बंद ठेवून काढलेला असतो, त्यामुळे तो रस्त्यावर तंतोतंत मिळणे अवघडच. मात्र, माझ्या मते, आपले अति जपणेही आड येत असावे. गाडी रेंगाळत पळवण्यापेक्षा बेताच्या जोराने हव्या त्या वेगाला न्यावी, मग पाय क्षणभर उचलून पुन्हा हलकाच टेकवावा. इंजिन थांबून डॅशबोर्डवर ‘ईव्ही’चा, म्हणजे गाडी फक्त बॅटरीवर चालत असल्याचा, हिरवा दिवा लागला की तोच दाब कायम ठेवावा. सिग्नल दिसताच लांबूनच हलका ब्रेक लावला, तर वेगातली ऊर्जा बॅटरीत परतते. ऐनवेळी करकचून दाबल्यास ती ब्रेक पॅडच्या उष्णतेत वाया जाते. सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये टाकण्याची जुनी सवय मात्र सोडाच, कारण बहुतेक हायब्रिड गाड्यांत तेव्हा बॅटरी चार्ज होत नाही. दोन-तीन किलोमीटरच्या सुट्या फेऱ्यांत थंड इंजिन तापवण्यातच पेट्रोल जाते, म्हणून भाजी, बँक, शाळा अशी कामे शक्यतो एकाच फेरीत उरकावीत. टायरमधील हवा सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी तपासावी.