रोटाव्हेटरचा शिअर बोल्ट सारखा तुटतो, कडक हाय टेन्साइलचा टाकू का? माप कोणतं घ्यावं?

टाकू नका. मिस्त्री "टाकून देतो" म्हणाला तर मिस्त्री बदला.

ट्रॅक्टरची ताकद रोटाव्हेटरला देणाऱ्या शाफ्टवर हा बोल्ट तुटण्यासाठीच बसवलेला असतो. मोटरच्या पेटीत फ्यूज सारखा उडतो म्हणून जाड तार घालणारे आपल्या गावोगावी आहेत, आणि त्यांच्या मोटरी जळतात. इथे मोटरीच्या जागी गिअरबॉक्स जातो.

आमच्याकडे खोडवा मोडताना हे घडलंय. उसाची खोडकी, त्यात माळाकडची जमीन दगडाची. बोल्ट तुटला की दादा वैतागायचा. मूळचा बोल्ट 10 मिमीचा, 8.8 ग्रेडचा (ग्रेड म्हणजे डोक्यावर लिहिलेला ताकदीचा आकडा). मिस्त्रीने भोक मोठं करून 12 मिमीचा, तोही डोक्यावर 10.9 लिहिलेला, ठोकून दिला. मी तिथेच म्हणालो, "दादा, जाडीनेच ताकद जवळजवळ दीडपट झाली, वर ग्रेड वाढला. पावणेदोनपटीच्या वर गेलं हे. आता दगड लागला तर तुटणार काय?" दादा म्हणाला, "काही तुटू नये म्हणूनच घातलाय."

पुढे बांधाकडेला पात्याखाली दगड आला. बोल्ट शाबूत. गिअरबॉक्समधून कडकन आवाज. पिनियनचे, म्हणजे आतल्या लहान दातेरी चाकाचे, दात गेले, आणि सुटलेला दात आतच फिरल्याने क्राउन, म्हणजे मोठं चाकही चावलं गेलं. झाकण उघडलं तर 90 नंबरचं ऑइल लोखंडाच्या चुरीने चकाकत होतं, तळाला दातांचे तुकडे. ऐन गव्हाच्या पेरणीत गिअरबॉक्स खाली उतरला आणि शेजाऱ्याचा ट्रॅक्टर भाड्याने घ्यावा लागला. दादा आजही म्हणतो, "क्राउन-पिनियन जुनंच होतं, कधीतरी जाणारच होतं." अहो, जुनं होतं तर मग बोल्ट मूळचाच ठेवायला हवा होता! घरात हे कुणी ऐकत नाही, म्हणून इथे लिहितोय.

आता तुमचा बोल्ट सारखा का तुटतो ते बघा. तुटलेला तुकडा फेकू नका, पुसून उन्हात धरा. कापलेली बाजू सपाट, एकाच दिशेला घासटलेली असेल तर तो एका दणक्यात गेलाय: दगड, खोडकं, नाहीतर पाती जमिनीत असतानाच पीटीओ (ट्रॅक्टरमागचा अवजार फिरवणारा दांडा) चालू करणं. अर्धा भाग काळपट-गंजका आणि उरलेलाच ताजा दिसला तर बोल्ट ढिला होता, हळूहळू चिरत गेला. तेव्हा भोक तपासा. ते लांबट झालं असेल तर कितीही बोल्ट बदला, तुटतच राहणार. ड्रायव्हरची सवयही बघा. धुऱ्यावर वळताना पीटीओ चालू ठेवून रोटाव्हेटर पूर्ण वर उचलला की शाफ्टच्या जॉइंटचा कोन वाढतो आणि प्रत्येक फेरीला बोल्टला हिसके बसतात. रोटरला गुंडाळलेली ठिबकची नळी, मल्चिंगचा कागद कापून काढा.

बदलताना ट्रॅक्टर बंद, चावी तुमच्या खिशात. आरपार बोल्ट असेल तर तुकडे तीन होतात. मधला शाफ्टमध्येच अडकतो, तो पंचने ठोकून काढा, शाफ्ट हाताने फिरवून भोकं जुळवा. डोक्यापर्यंत आटे असलेला बोल्ट घेऊ नका. कापला जातो त्या जागी गुळगुळीत दांडाच यायला हवा. नट नायलॉकचा, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, ढिला न होणारा.

मापाचं म्हणाल तर मशीनच्या पुस्तिकेत आहे तेच, मॉडेल बघितल्याशिवाय मी आकडा सांगणार नाही. हेही खरं की पुस्तिकेत 8.8 असताना दुकानदाराने 4.6 चा दिला असेल तर तो निम्म्या ताकदीचा आहे, तुटणारच. डोक्यावरचा आकडा वाचून घ्या, बिनआकड्याचा घेऊच नका. शाफ्टला बोल्टऐवजी स्लिप क्लच (जास्त भार आला की घसरणारा क्लच) असेल तर मात्र हे सगळं लागू नाही, तिथे स्प्रिंगचा ताण बघावा लागतो.