सहा सीडर असून फाइल अडकते, शून्य असून पूर्ण होते, ते कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बिटटॉरेंटवरून, म्हणजे लोक आपसात फाइल वाटून घेतात त्या पद्धतीने, उतरवायला घेतलेली १,४०० एमबीची फाइल तीन दिवस ९९.२ टक्क्यांवर अडकली आहे. फाइल उतरवणारा प्रोग्राम, म्हणजे क्लायंट, सीडरच्या म्हणजे पूर्ण फाइल असलेल्यांच्या रकान्यात ० (६) दाखवतो, पीअरच्या म्हणजे ती अजून उतरवणाऱ्या इतरांच्या रकान्यात ११ (१४). उलट गेल्या आठवड्यात एकही सीडर नसलेली दुसरी फाइल आरामात उतरली. सीडर जास्त असले की वेग वाढतो का, हेही विचारलंत. मग सीडरच्या आकड्याला अर्थ काय?

माझ्या मते फारच थोडा. बघायचा आकडा दुसराच आहे, त्याकडे येतो. आधी हे कंस.

कंसाबाहेर असतात ते तुमच्या मशीनशी आत्ता प्रत्यक्ष जोडलेले. कंसात असतात ते ट्रॅकर नावाच्या सर्व्हरने सांगितलेले. ट्रॅकरकडे फाइलचा एक बाइटही नसतो, त्याच्याकडे असतो फक्त हजेरीपट: अमुक टॉरेंटसाठी अमुक आयपी पत्त्यावर कोणीतरी आहे, एवढंच. प्रत्येक क्लायंट ठरावीक वेळाने, बहुतेकदा अर्ध्या तासाने, तिथे हजेरी लावतो. जाताना ‘मी निघालो’ असं कळवण्याची सोय आहे, पण कोणी लॅपटॉप सरळ मिटला तर तो निरोप जातच नाही आणि नाव काही काळ पटावर तसंच राहतं. म्हणजे तुमचे ते सहा कदाचित दोन असतील, कदाचित कोणीच नसेल.

आता मुख्य गोष्ट. ब्रॅम कोहेनने २००१ मध्ये बिटटॉरेंट आणलं तेव्हा त्यातली खरी युक्ती ही होती की फाइल अखंड मागायचीच नाही. तुमच्या फाइलचे तुकडे १ एमबीचे आहेत असं धरा, म्हणजे १,४०० तुकडे. टॉरेंट फाइलमध्ये, म्हणजे सुरुवातीला उघडायच्या छोट्या वर्णन-फाइलमध्ये, प्रत्येक तुकड्याचा २० बाइटचा एसएचए-१ हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, लिहिलेला असतो (नव्या आवृत्तीत एसएचए-२५६ वापरतात), म्हणून ती टॉरेंट फाइल जेमतेम २८-३० केबीची असते. तुकडाही एकदम येत नाही. १६ केबीचे ६४ घास मागवले जातात, तेही वेगवेगळ्या लोकांकडून आलेले चालतात. चौसष्ट घास जमले की हॅश काढून ताडून बघायचा. जुळला तर ठेवायचा आणि सगळ्यांना कळवायचं की हा तुकडा आता माझ्याकडे आहे. नाही जुळला तर फेकून पुन्हा मागायचा. त्यामुळे वाटेत कोणी खराब माल घुसडू शकत नाही. अर्थात मूळ टॉरेंट बनवणाऱ्यानेच काही घाण घातली असेल तर हॅश तीही इमानेइतबारे जुळवून देतो, तेवढं लक्षात असू द्या.

म्हणजे सीडर ही काही वेगळी जमात नाही. तोही पीअरच, फक्त त्याच्याकडे १,४०० पैकी १,४०० तुकडे आहेत. ज्याच्याकडे १,३९९ आहेत तो रकान्यात ‘पीअर’ म्हणून दिसतो, पण तो १,३९९ तुकडे वाटतोच आहे. अशांना लीचर म्हणतात ते मला कधी पटलं नाही. लीच म्हणजे जळू, आणि हा बिचारा घेता घेता देतही असतो.

आता तुमची ती शून्य सीडरची फाइल बघा. एकाकडे पहिले ९०० तुकडे, दुसऱ्याकडे शेवटचे ८००, तिसऱ्याकडे अधलेमधले. पूर्ण कोणाकडेच नाही, पण सगळ्यांचं मिळून सगळं आहे. हे मोजणारा आकडा क्लायंटमध्ये ‘अव्हेलेबिलिटी’ नावाने असतो आणि मी म्हणतो तो हाच. तो १ किंवा जास्त असेल तर फाइल आज ना उद्या पूर्ण होणार, सीडर असो नसो. २.४ चा अर्थ, सर्वात दुर्मीळ तुकड्याच्याही दोन प्रती आहेत आणि ४० टक्के तुकड्यांच्या त्याहून जास्त. तुमच्याकडे तो बहुधा ०.९९२ दिसेल. म्हणजे साधारण अकरा तुकडे तुमच्या जोडलेल्या माणसांपैकी कोणाकडेच नाहीत. मग तुम्ही क्लायंट कितीही वेळा बंद-चालू करा.

असं मी एकदा जवळून पाहिलंय. एका जुन्या लिनक्स डिस्ट्रोची, म्हणजे लिनक्सच्या एका आवृत्तीची, आयएसओ (इन्स्टॉल करायच्या डिस्कची फाइल) हवी होती. आम्ही नऊ जण, सगळे ९७.१ वर, जवळपास दोन आठवडे. एका रात्री पीअरच्या यादीत १०० टक्केवाला एक पत्ता उगवला. वेग काही फार नव्हता, वीसेक मिनिटांत तो गेलाही. मला वाटलं, हुकलं. पण यादी बघत बसलो तर कोणी ९८.३, कोणी ९७.९, आणि सगळ्यांचे आकडे चढतच होते. त्याने प्रत्येकाला सगळं दिलं नव्हतं, याला हा तुकडा आणि त्याला तो असं दिलं होतं. उरलेली देवाणघेवाण आमची आम्ही केली. क्लायंट सहसा सर्वात दुर्मीळ तुकडा आधी मागतो तो यासाठीच: एकमेव प्रत असलेला माणूस निघून जायच्या आत तिची दुसरी प्रत व्हावी. पहाटेपर्यंत नऊही जण सीडर झालो होतो.

वेगाबद्दलही विचारलंत. सीडर जास्त म्हणजे वेग जास्त असं सरळ गणित नाही. इथे कारभार जशास तसे असतो. क्लायंट मोजक्याच लोकांना अपलोडची जागा देतो, मूळ रचनेत चार, आणि दर १० सेकंदांनी बघतो की मला सर्वात जास्त कोण देतंय. त्यांना जागा मिळते, बाकीचे ‘चोक’, म्हणजे तात्पुरते थांबवलेले. पण नवख्याकडे द्यायला काहीच नसतं, म्हणून एक जागा दर ३० सेकंदांनी कोणालाही, अगदी चिठ्ठी काढल्यासारखी. यामुळेच सुरुवातीची दोन-चार मिनिटं रडतखडत जातात आणि मग एकदम वेग येतो. अपलोड १ केबीवर बांधून ठेवणारे हुशारी केली असं समजतात, पण ते इतर पीअरच्या यादीत तळाला जातात. उलट टोकही वाईट. अपलोडची लाइन पूर्ण भरली की उतरलेल्या मालाच्या पोचपावत्यासुद्धा अडकतात आणि डाउनलोड मंदावतं. मी अपलोड क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आसपास ठेवतो.

तर तुमचं काय? पीअरची यादी उघडा आणि टक्केवारीचा रकाना बघा. सगळे ९९.२ वरच थबकले असतील तर दोष तुमचा नाही, ते अकरा तुकडे थव्यातच, म्हणजे ही फाइल वाटणाऱ्या कोणाकडेच, नाहीत. पण लोक ९९.२ ओलांडून १०० ला जात असतील आणि तुम्हीच मागे असाल, तर सीडर आहेत, तुमचं यंत्र त्यांच्यापर्यंत पोचत नाही. दोन्ही बाजू राउटरच्या आड असल्या आणि कोणाचंच पोर्ट (बाहेरून जोडणी येण्याचं दार) उघडं नसलं की बहुतेकदा असं होतं. राउटरमध्ये क्लायंटचं पोर्ट फॉरवर्ड करा, म्हणजे बाहेरची जोडणी तुमच्या मशीनकडे वळवा. सेवा देणाऱ्या कंपनीनेच एक सार्वजनिक पत्ता अनेकांत वाटला असेल तर तेही चालणार नाही, मग आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा आयपी पत्ता, मिळतंय का बघा. डीएचटी आणि पीअर एक्स्चेंज बंद असतील तर चालू करा, त्यांनी ट्रॅकरच्या पटावर नसलेली माणसंही सापडतात.

पहिली शक्यता, म्हणजे तुकडे थव्यातच नसणं, निघाली तर एक जुना उपाय आहे. हीच फाइल पूर्वी कधी दुसऱ्या टॉरेंटमधून किंवा थेट संकेतस्थळावरून अर्धवट का होईना उतरवली होती का? असेल तर टॉरेंट थांबवा, आत्ताची ९९.२ टक्क्यांची फाइल बाजूला कॉपी करून ठेवा, तिच्या जागी जुनी फाइल त्याच नावाने टाका आणि ‘फोर्स रीचेक’ करा. क्लायंट तुकड्यातुकड्याचा हॅश ताडेल आणि जुळेल तेवढं स्वीकारेल. अकरातले पाच जरी त्यात निघाले तरी टॉरेंट चालू करा. जुन्या फाइलमध्ये जे कमी असेल ते बाकीचे अकरा जण तुम्हाला परत देतील, आणि तुमचे पाच तुकडे दुर्मीळ म्हणून तेच आधी तुमच्याकडून उचलतील.