‘व्हेरी’, ‘टू’, ‘क्वाइट’ सगळ्यांचा अर्थ ‘खूप’च ना? मग इतके शब्द कशाला?

तुम्ही लिहिलंय की शब्दकोशात या सगळ्यांपुढे ‘खूप’ नाहीतर ‘अगदी’ एवढंच सापडतं, आणि नोकरीच्या ईमेलमध्ये तुम्ही ‘आय ॲम टू हॅपी टु जॉइन’ लिहिलंत तर मित्र हसला. चूक तशी साधीच आहे, म्हणून आधी तीच घेऊ.

‘टू’ म्हणजे खूप नव्हे, नको तितकं. आपलं ‘अति’. ‘द बॉक्स इज व्हेरी हेवी’ म्हटलं तर खोकं जड आहे, पण कदाचित उचलेल. ‘टू हेवी’ म्हटलं की विषय संपला. या शब्दाच्या पोटात एक ‘नाही’ लपलेला असतो. ‘टू टायर्ड टु वॉक’ म्हणजे चालवणार नाही इतका दमलेला. त्याच हिशेबानं तुमच्या वाक्याचा शब्दशः अर्थ निघतो, ‘मला इतका आनंद झालाय की रुजू होणं जमणार नाही.’ तिथे ‘व्हेरी हॅपी’ हवं होतं.

‘व्हेरी’ची गंमत वेगळीच. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला, मुळाशी लॅटिन ‘व्हेरुस’, म्हणजे खरा. तो अर्थ अजून पुरता पुसलेला नाही: ‘द व्हेरी मॅन’ म्हणजे नेमका तोच माणूस. ‘खरं’ म्हणता म्हणता ‘खूप’ झालं. ‘रिअली’ही त्याच वाटेनं गेला आणि हल्ली ‘लिटरली’ चाललाय (त्यावर कुरकुरणाऱ्यांत मीही आहे). ‘टेरिबली’ आणि ‘ऑफुली’ तर भीतीतून आलेले, तरी ‘ऑफुली काइंड’ ही स्तुतीच. आपणही ‘भयंकर आवडलं’ म्हणतो, घाबरत कोणी नाही.

आता ‘व्हेरी’ कुठे चालत नाही ते. ‘बिग’, ‘कोल्ड’, ‘टायर्ड’ कमीजास्त होऊ शकतात, त्यांना ‘व्हेरी’ लागतं. ‘ह्यूज’, ‘फ्रीझिंग’, ‘एक्झॉस्टेड’ यांच्यात ‘खूप’ आधीच भरलेलं आहे. त्यांना जोर द्यायचाच तर ‘ॲब्सोल्यूटली’. मराठीत ‘खूप लालभडक’ कानाला खटकतं ना? तसंच ‘व्हेरी फ्रीझिंग’ त्यांना खटकतं. क्रियापदाशीही ‘व्हेरी’चं एकट्यानं जमत नाही. ‘आय व्हेरी लाइक इट’ चूक. ‘आय लाइक इट व्हेरी मच’ किंवा ‘आय रिअली लाइक इट’ म्हणा.

काही जोड्या मात्र नियमात बसत नाहीत. गाढ झोपलेला ‘फास्ट अस्लीप’, टक्क जागा ‘वाइड अवेक’. उलटं करून चालत नाही. आपल्याकडे काळाकुट्ट, पांढराशुभ्र, पिवळाधमक. ‘काळाधमक’ का नाही, याला उत्तर नाही. ‘हायली लाइकली’, ‘डीपली सॉरी’, ‘बिटरली कोल्ड’ हे जोडीनंच पाठ करा.

सगळ्यात फसवा शब्द ‘क्वाइट’. माझ्या एका अनुवादावर एका ब्रिटिश संपादकांनी ‘क्वाइट गुड’ असा शेरा मारला होता. मी दिवसभर खुशीत. संध्याकाळी जोडलेली फाइल उघडली तर प्रत्येक पान दुरुस्त्यांनी लाल! ब्रिटिश माणसाचं ‘क्वाइट गुड’ बहुतेक वेळा ‘बरं आहे’च्या आसपास असतं. अमेरिकन माणूस तेच म्हणाला असता तर माझी खुशी रास्त ठरली असती. शिवाय ‘इम्पॉसिबल’सारख्या टोकाच्या शब्दाआधी ‘क्वाइट’ आलं की अर्थ ‘पूर्णपणे’ होतो, मग बोलणारा कुठलाही असो. म्हणजे शेजारी कोण आहे ते पाहिल्याशिवाय ‘क्वाइट’चा अर्थ लावू नका. बोलताना सुराकडेही लक्ष हवं. लेखी शेऱ्यात तीही सोय नाही.

‘सो’बद्दल फार सांगण्यासारखं नाही. ‘थँक यू सो मच’ बोलण्यात छान, पण औपचारिक लिखाणात ‘सो’ आलं की वाचणारा पुढच्या ‘दॅट’ची वाट पाहतो: इतकं, की काय?

आणि हो, मित्राला एक उलट प्रश्न विचारा. ‘आय वुड बी ओन्ली टू हॅपी टु जॉइन’ हे बरोबर की चूक? बरोबर आहे. ‘ओन्ली टू हॅपी’ म्हणजे अगदी आनंदानं, यात नकार नाही. तुमच्या वाक्यात ‘ओन्ली’ तेवढा राहून गेला होता.